पासवाल्या अक्का

पासवाल्या अक्कांना पडल्या पडल्या झोप लागायची. हे लिहितानाही मला अजून कुठेतरी टोचतं. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत त्या आणि आम्ही एकाच मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन्ही घरांच्या मध्ये विटेची एक पातळ भिंत. साडेनऊला त्यांच्या खोलीतला दिवा जायचा, कडी लागल्याचा आवाज यायचा, आणि इकडे मी भांडी पालथी घालेपर्यंत पलीकडून संथ, एकसारखा श्वास ऐकू यायला लागायचा. मी मात्र अंथरुणावर पडून छताकडे बघत राहायचे. उद्या नळ येईल की नाही, शिवायला घेतलेले ब्लाउज वेळेत होतील की नाही, सासूबाईंनी आज भाजी बाजूला का सारली, असलं काहीबाही डोक्यात फिरत राहायचं. बायकांना शेजारणीच्या पाटल्यांचा हेवा वाटतो, मुलांच्या मार्कांचा वाटतो. मला शेजारणीच्या झोपेचा वाटत होता, आणि तो तेवढ्यावर थांबला नाही.

अक्का एसटी डेपोत पासच्या खिडकीवर बसायच्या. नवरा डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी यांना खिडकी मिळाली. तालुक्याच्या गावांहून कॉलेजला येणाऱ्या सगळ्या पोरी त्यांना ओळखायच्या, म्हणून नाव पडलं पासवाल्या अक्का. पुढे गल्लीतल्या म्हाताऱ्यासुद्धा तेच म्हणू लागल्या. मी पाहिलं तेव्हा त्यांची पंचेचाळिशी आली असेल. अंगानं सडपातळ, कानामागे पांढऱ्या केसांची एक बट, उजव्या हाताच्या दोन बोटांना कायम वाळलेला डिंक. मूलबाळ नव्हतं. दिवसभर मान खाली घालून फोटो चिकटवायचे, नाव लिहायचं, शिक्का मारायचा, आणि खिडकीत पुढचा हात आला की पुन्हा तेच. संध्याकाळी त्या जिना चढताना वाकलेल्या दिसायच्या. सकाळी उतरताना मात्र ताठ. मधल्या वेळात काय होत होतं ते सगळ्या बिऱ्हाडांना माहीत होतं, कारण ते गच्चीवर, सगळ्यांसमोर होत होतं.

साडेआठच्या सुमारास खिचडी खाऊन त्या काखेत सतरंजी घेऊन वर जायच्या. "अंग मोकळं करून येते," एवढंच सांगायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडची गच्ची सूर्य बुडाल्यावरही तव्यासारखी तापलेली असते, म्हणून आधी दोन बादल्या पाणी शिंपडायच्या. ते सुकलं की सतरंजी टाकायच्या, घड्याळ आणि बांगड्या काढून कठड्यावर ठेवायच्या, आणि सुरू करायच्या. सुरू करायच्या म्हणजे काय, तर फार काही नाही. मान हळूच एका खांद्याकडे न्यायची आणि तिथेच ठेवायची. मग दुसऱ्या. बोटांत बोटं गुंतवून तळवे आभाळाकडे ढकलायचे. पाय पसरून बसायचं आणि पुढे झुकायचं, बोटं नडगीपर्यंत गेली तर नडगीपर्यंत. शेवटी पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पाळण्यासारखं थोडं इकडे, थोडं तिकडे. योगासनांच्या पुस्तकात असतात तशा अवघड गाठी त्यात नव्हत्या. अर्धा तास हे चालायचं आणि त्या अर्ध्या तासात त्यांचा चेहरा बदलत जायचा. कपाळावरच्या आठ्या एकेक करून जायच्या. मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं जिन्याच्या दाराशी उभी राहून ते बघायचे. रोज किती कपडे वाळत असतील आमचे, हा प्रश्न त्यांना पडला असणार.

हे त्यांना शिकवलं ते एका ड्रायव्हरनं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांची मान इतकी आखडली होती की कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागायचं, आणि झोप तर नवरा गेल्यापासून उडालीच होती. सुरतेच्या लांब गाडीवर एक जुने ड्रायव्हर होते, नाना म्हणायचे त्यांना. मुक्कामाला गाडी लावली की झोपण्याआधी गाडीच्या बाजूला उभे राहून हातपाय ताणायची त्यांची पद्धत होती. ते एकदा पास करायला आले असताना त्यांनी अक्कांची मान पाहिली आणि म्हणाले, "बाई, घाटातून आलेलं इंजिन कोणी लगेच बंद करत नाही. थोडं चालू ठेवून निवू देतात. तुम्ही तापलेल्याच झोपता." हे वाक्य अक्का आम्हाला इतक्या वेळा सांगायच्या की गल्लीतल्या पोरींनासुद्धा पाठ झालं होतं. त्याला त्यांनी स्वतःचं एक जोडलं होतं. कुणी बघता बघता नक्कल करायला लागलं आणि जोर लावून पायाचे अंगठे धरायला गेलं की म्हणायच्या, "जिथवर जातं तिथवर. अंगाला विचारायचं, हुकूम नाही द्यायचा."

मी मनात म्हणायचे, हुकूम देणारं घरात कुणी नसलं की हे सुचतं. एकट्या बाईची एक वाटी खिचडी, एक ताट, एक सतरंजी. आमच्याकडे नवरा पाटबंधारे खात्यात, महिन्यातले पंधरा दिवस कुठल्या ना कुठल्या कालव्याच्या कामावर. मुलगी लहान, शिवणाचं मशीन, चार दिवसांआड येणारं पाणी, आणि आत्याबाई. मला कोण देणार अर्धा तास? आज विचार करते तर अर्धा तास मला मिळत होता. तो मी दाराआड उभी राहून घालवत होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. साक्रीकडच्या खेड्यातल्या, बोलायच्या अहिराणी. मी जळगावची, माझं बोलणं त्यांना शहरी वाटायचं आणि माझा स्वयंपाक फिका. त्या वाईट नव्हत्या. भांडल्या कधीच नाहीत. पण नऊ वर्षांत मला "बस जरा" असंही कधी म्हणाल्या नव्हत्या. त्यांचा उजवा खांदा एका हिवाळ्यात धरला तो सुटेचना. हात छातीच्या वर जायचा नाही. केस विंचरता यायचे नाहीत, म्हणून रोज सकाळी त्या माझ्यापुढे पाठ करून बसायच्या आणि मी वेणी घालून अंबाडा बांधायचे. केस मऊ होते, अजून दाट. मला ते काम आवडायचं. आमच्यात स्पर्श असा तेवढाच होता. त्यांना ते माझ्याकडून करून घ्यावं लागतं याची लाज वाटत असावी, कारण दर एक-दोन दिवसांनी मान आखडून म्हणायच्या, "तुना हात कडक शे." तुझा हात कडक आहे. मी आणखी हळू विंचरायला लागायचे, तरी तेच.

अक्कांनी एक दिवस जिन्यात त्यांना डाव्या हातानं पदर सावरताना पाहिलं आणि दुसऱ्या संध्याकाळी हाताला धरून गच्चीवर नेलं. मला विचारलं नाही. का विचारावं, पण तेव्हा तेही लागलं. मी कपडे काढायला गेले तर आत्याबाई जिन्याच्या खोलीच्या भिंतीसमोर उभ्या होत्या आणि अक्का त्यांना भिंतीवर बोटं चालवायला सांगत होत्या. मुंगी चढते तशी दोन बोटं हळूहळू वर न्यायची, दुखलं की थांबायचं, तिथे दोन श्वास घ्यायचे, उतरायचं. बोटं जिथे थांबली तिथे अक्कांनी खडूनं आडवी रेघ मारली. "मावशी, आज इथवर. उद्याचं उद्या." रेघ त्यांच्या हनुवटीच्या खाली होती.

मग रोज तसंच व्हायला लागलं. आठ वाजले की आत्याबाई माझ्या आधी जेवायला बसायच्या, घास भराभर संपवायच्या आणि जिन्याकडे कान लावून राहायच्या. वर गेल्या की अर्धा-पाऊण तास खाली यायच्या नाहीत. अक्का त्यांना सतरंजीवर निजवून दुखरा हात दोन्ही हातांत घ्यायच्या, बाळाला न्हाऊ घालताना धरतात तसा, आणि अगदी थोडा वर, थोडा बाजूला. बोलणं चालूच असायचं. आत्याबाई बोलत होत्या, हे मला नवीन होतं. माहेरच्या विहिरीचं, गाईचं, लहानपणी वारलेल्या बहिणीचं बोलायच्या. त्या बहिणीचं नावसुद्धा मी गच्चीच्या दाराआड पहिल्यांदा ऐकलं. एका संध्याकाळी त्या हसल्या. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी हातात ओल्या राहिलेल्या चादरी घेऊन तशीच खाली आले आणि मशीनवर बसून एक बाही उलटी जोडली.

रेघा वर चढत गेल्या. हनुवटी, नाक, कपाळ. प्रत्येक रेघेची त्यांना अपूर्वाई. माझा नवरा साइटवरून आला की त्याला वर नेऊन दाखवायच्या, "देख, मना हात कथा गया." बघ, माझा हात कुठवर गेला. तो कौतुक करायचा आणि खाली येऊन मला म्हणायचा, अक्का म्हणजे देवमाणूस. त्याला मी काय सांगणार होते?

आणि एका सकाळी मी कंगवा घेऊन गेले तर त्यांचा अंबाडा बांधलेला होता. थोडा वाकडा होता, एक बट सुटली होती, पण बांधलेला होता. त्या आरशासमोर बसून डोक्यामागे हात नेऊन पुन्हा पुन्हा तो चाचपत होत्या. माझ्याकडे आरशातूनच पाहिलं आणि हसल्या. मी चांगलं झालं म्हणाले. कंगवा कोनाड्यात ठेवला. आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही असेल, पण त्या दिवशी मला सारखं वाटत होतं की माझ्या घरातून कुणी काहीतरी उचलून नेलंय आणि सगळे त्याचं अभिनंदन करतायत.

त्याच दुपारी मी ओलं फडकं घेऊन गच्चीवर गेले आणि सगळ्या रेघा पुसल्या. खालून वर, एकही ठेवली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी दाराआड उभी राहिले. आत्याबाई भिंतीपुढे गोंधळून उभ्या होत्या, हात भिंतीवर ठेवून चाचपत होत्या, जणू रेघा आत गेल्यात. अक्कांनी भिंतीकडे पाहिलं. खाली फरशीवर फडक्याचं पाणी वाळून पांढरट डाग पडला होता, त्याकडेही पाहिलं. मग म्हणाल्या, "पुसल्या तर पुसल्या मावशी. हात तर तिथवर जातोय ना?" आणि नवीन रेघ मारली.

त्यावर त्या रागावल्या असत्या, कुणी केलं म्हणून ओरडल्या असत्या, तर कदाचित माझं तिथेच भागलं असतं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून माझा राग वाढला.

घरमालक शेठजी मारवाडी, खाली त्यांचं कापडाचं दुकान आणि पहिल्या मजल्यावर घर. शेठाणी मनानं चांगली बाई. संक्रांतीला सगळ्या बिऱ्हाडांना तीळ-पापडी पाठवायच्या. पण लोक काय म्हणतील याची त्यांना भारी धास्ती. समोर एक लॉज होतं, फिरते विक्रेते उतरायचे, त्याच्या दोन खिडक्या आमच्या गच्चीकडे होत्या. मी शेठाणींचे ब्लाउज द्यायला गेले होते. माप बघता बघता सहज सांगावं तसं सांगितलं, की संध्याकाळी वर बायका हातपाय पसरून पडलेल्या असतात, लॉजमधले लोक खिडकीत उभे राहतात, बोलतात काहीबाही. खरं म्हणजे त्या खिडकीत मी एकदाच एक माणूस पाहिला होता आणि तो बनियन वाळत घालत होता. शेठाणींनी ब्लाउज खाली ठेवला. बाईमाणसाची अब्रू, आपल्या घराचं नाव, त्यांचं सुरू झालं. मी तरी म्हणाले, अक्कांना काही बोलू नका, बिचाऱ्या चांगल्या आहेत. हे 'बिचाऱ्या' मी म्हणाले ते मला नीट आठवतं.

तिसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. सकाळी सातला उघडायचं, दिवेलागणीला बंद. कारण सगळ्या बिऱ्हाडांना सांगण्यात आलं, लॉजचे लोक बघतात. ऐन वैशाख होता. वर झोपायची सगळ्यांचीच सोय गेली. आम्ही खोल्यांमध्ये ओले पंचे अंगावर घेऊन पडत होतो.

मला वाटलं होतं, आत्याबाई चिडतील, आणि मग कुणाकडे येतील, तर माझ्याकडे. त्या चिडल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. अक्का बोलवायला आल्या, माझ्या खोलीत करू मावशी, दार लावून, म्हणाल्या. आत्याबाईंनी नको म्हणून मान हलवली. अक्का गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "मनामुये तिले बोल लागना." माझ्यामुळे तिला बोल लागला. म्हाताऱ्या बाईला पदराचं भान राहिलं नसेल, कुणी पाहिलं असेल, म्हणून त्या एकट्या बाईचं नाव खराब झालं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एवढ्या वयात, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या त्या बाईला मी शरमेनं भिंतीकडे वळवलं होतं. तांब्या ठेवून मी बाहेर आले. तेव्हा बोलायला हवं होतं.

अक्का मग आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून अंग मोकळं करायच्या. आवाज काही येत नसे, फक्त सतरंजी झटकल्याचा. त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, मुलीच्या हातावर चणे-फुटाणे ठेवायच्या. दिवाळीच्या आधी मात्र एक दिवस कळलं, त्यांनी चाळीसगाव डेपोला बदली मागून घेतली आहे. तिथे भाऊ आहे म्हणाल्या. भाऊ तर आधीपासून होता.

जायच्या दिवशी सामान खाली टेम्पोत चढल्यावर त्या निरोप घ्यायला आल्या. आत्याबाईंनी त्यांना स्वतः शिवलेली गोधडी दिली आणि दोघी बराच वेळ हात धरून बसल्या. मी चहा केला. अक्का उठल्या, माझ्यापाशी ओट्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शैला, तू रोज दाराआडून बघत होतीस. तुला सगळं येतं. मावशींच्या हाताचं आता तू बघ." माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मी कपबश्या विसळत राहिले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, खांद्याच्या खाली, दिवसभर मशीनवर बसून जिथे दुखायचं नेमकं तिथे, आणि गेल्या.

आत्याबाईंचा खांदा पुन्हा धरला. दोन महिन्यांत अंबाडा सुटला आणि आत्याबाई सकाळी पुन्हा माझ्यापुढे पाठ करून बसू लागल्या. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण आता त्या "तुना हात कडक शे" असंही म्हणत नव्हत्या. दुखलं तरी नुसते डोळे मिटून घ्यायच्या. कंगवा फिरवताना त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली दिसायची. एका संध्याकाळी मला ते बघवेना. त्या खाटेवर बसल्या होत्या. मी खाली सतरंजी टाकली आणि विचारलं, मी करून बघू का.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले येस का?"

येतं म्हणाले. आणि खरंच येत होतं. कोपराखाली तळवा कसा धरायचा, मनगट सैल कसं ठेवायचं, कुठे थांबून दोन श्वास घ्यायचे, सगळं. शाळेत कुठलाही धडा मी इतका मन लावून पाहिला नव्हता. हेव्यानं बघणारा माणूस काही सोडत नाही. तरी पहिल्या दिवशी मी जास्त ओढलं. त्या कळवळल्या, पण उठून गेल्या नाहीत. "अक्का अशी ओढे नही," म्हणाल्या. मी हात सैल केला. थोड्या वेळानं त्यांचा हात माझ्या हातांत जड झाला, झोपलेल्या मुलाचा होतो तसा. तेव्हा मला कळलं की इतके दिवस त्यांनी त्याचं सगळं वजन कधी माझ्यावर टाकलंच नव्हतं.

मग तेच रोजचं झालं. सात-आठ वर्षं, एखादा सणवार किंवा लग्नकार्य सोडलं तर चुकलं नाही. हात पुरता सुटला नाही, पण कपाळापर्यंत जायचा. त्यांचं झालं की मी त्यांच्या शेजारी पडून माझी पाठ मोकळी करायचे आणि त्या बहिणीची, विहिरीची तीच गोष्ट मला सांगायच्या. मला झोप लागायला लागली. अगदी पडल्या पडल्या नाही, पण लागायची. सगळं गोड झालं असं मात्र नाही. अक्का मानेखाली उशी घ्यायची नाही, अक्का आधी डावा हात करायची, अक्काचा हात उबदार होता, हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागायचं. मी "हो का" म्हणायचे आणि आत काहीतरी पूर्वीसारखंच चुरचुरायचं. चाळीसगावचं पत्र यायचं दिवाळीला. त्यात मावशींचा हात कसा आहे, एवढं विचारलेलं असायचं. मी उत्तर पाठवायचे, बरा आहे.

शेवटच्या आजारपणात आत्याबाईंना दिवस-वार उरला नाही. नवऱ्याला भाऊ समजायच्या, माझ्या मुलीला बहीण. मला मात्र रोज ओळखायच्या, याचा मला कोण अभिमान. जाण्याच्या तीन-चार दिवस आधी संध्याकाळी मी त्यांचा हात हातात घेऊन हळूहळू हलवत होते. डोळे मिटलेले होते. चेहरा इतका निवला होता की मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाल्या, "अक्का, कवय उनी व तू?" कधी आलीस ग तू. माझे हात थांबले. मग त्यांना थांबलेलं कळू नये म्हणून पुन्हा सुरू केले आणि म्हणाले, "आत्ताच आले मावशी." त्यांना फार बरं वाटलं. माझ्या तळव्यावर त्यांची बोटं दोनदा दाबली गेली.

त्यांच्या वर्षश्राद्धानंतर नात्यातल्या एका लग्नाला चाळीसगावला जाणं झालं. मांडवातून निघून मी डेपोत गेले. अक्का खिडकीतच होत्या, केस पूर्ण पांढरे, चष्मा लागलेला, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मला पाहून शेजारच्या माणसाला शिक्का दिला आणि बाहेर आल्या. आम्ही कँटीनमध्ये बाकावर बसलो. आत्याबाई गेल्याचं त्यांना पत्रानं कळवलं होतं. मी बरीच वर्षं मनात घोळवलेलं एका दमात बोलून टाकलं, की गच्चीचं कुलूप माझ्यामुळे लागलं, शेठाणींना मी जाऊन सांगितलं होतं.

अक्का चहा फुंकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत होतं. शेठाणींच्या पोटात काही राहतं का? दुसऱ्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

तुम्ही मला काहीच बोलला नाहीत, मी म्हणाले.

"राग आला होता ना. बोलले असते तर फार वाईट बोलले असते." त्यांनी कप खाली ठेवला. "महिनाभर झोप नव्हती मला, शैला. दार लावून कितीही अंग ताणलं तरी नाही. भिंतीला कान लावून पडायचे. तुमच्याकडे मावशी खोकल्या तरी कळायचं. माझी आई मी लहान असताना गेली. मला वाटायचं, हिच्याकडे तर चोवीस तास आहेत त्या, अर्धा तास मला दिला तर हिचं काय जात होतं?"

भिंतीच्या त्या बाजूलाही कुणी जागं होतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. बाहेर गाड्या लागत होत्या, कंट्रोलरचा आवाज येत होता. त्यांनीच मग विषय बदलला, मुलीचं विचारलं, माझी पाठ कशी आहे विचारलं. उठताना मात्र चष्मा पुसत पुसत म्हणाल्या, "शेवटी माझी आठवण काढली का ग त्यांनी?"

मी तेच द्यायला गेले होते. वाटेत, गाडीत, मांडवात आत्याबाईंचं 'कवय उनी व तू' हेच वाक्य घोळवत होते. समोर बसलेल्या त्या बाईला त्याची किती गरज होती तेही दिसत होतं. आणि मी म्हणाले, "शेवटी त्यांना कुणाचीच ओळख राहिली नव्हती, अक्का."

त्यांनी मान हलवली. "असू दे," म्हणाल्या. "कळत नव्हतं म्हणजे त्रासही झाला नसेल." मला धुळ्याच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि गाडी हलेपर्यंत उभ्या राहिल्या.

दोन वर्षांनी त्यांच्या भावाचं कार्ड आलं. निवृत्तीनंतर फार दिवस नाही मिळाले. झोपेतच गेल्या, असं त्यानं लिहिलं होतं. मी ते कार्ड हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ बसले. अक्कांच्या बदलीनंतर आत्याबाई माझ्याजवळ सात-आठ वर्षं होत्या, त्यांचे सगळे दिवस माझे होते. त्यातलं एक वाक्य अक्कांचं होतं. ते मी दिलं नाही.